खेळ मोडण्याची मुभा

रात्रीचे अडीच वाजले होते. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या गावात, धान निघून गेलेल्या एका बांधीत, टिनाच्या पत्र्यांनी घेरलेल्या जागेत नाटक चालू होतं. स्टेजवर रंगवलेल्या वाड्याचा पडदा, वरून लोंबणारे माइक, आणि समोर शाली-ब्लँकेटांत गुंडाळलेलं अख्खं गाव. विनोदी नटाची एन्ट्री झाली. तो वाड्यातल्या नोकराचं काम करत होता. मालकानं विचारलं, "इतका वेळ कुठे होतास?" वहीत याचं उत्तर काय लिहिलं होतं, कुणास ठाऊक. हा म्हणाला, "रेशनच्या दुकानात गेलो होतो. पण दुकानदार नाटकाची तिकिटं विकत बसलाय."

आमच्या गावचे रेशन दुकानदार म्हणजे माझे काका. नाटक कमिटीचे अध्यक्षही तेच. ते तिसऱ्या रांगेत बसले होते. मंडपात हशा उसळला, तसे ते उभे राहिले आणि ओरडले, "तुहा कार्डच बंद करतो गा!"

"कार्ड बंद करा मालक," नट हात जोडून म्हणाला, "पण आजचं मानधन तेवढं चालू ठेवा."

मग बायकांच्या बाजूनं काकूंचा आवाज आला, "आधी त्याइले साखर द्या म्हना, दोन महिन्याची!" पुढची दहा मिनिटं नाटक असं चाललंच नाही. चाललं ते नट, काका, काकू आणि हजारभर माणसांचं आपापसातलं काहीतरी. स्टेजच्या पुढच्या कडेला खड्ड्यात बसलेल्या प्रॉम्प्टरनं वही मिटली आणि खर्ऱ्याची पुडी काढली. विंगेत नायिका उभी होती. तिचा रडण्याचा प्रवेश होता आणि ती डोळ्याला पदर लावून हसत होती. शेवटी नटच म्हणाला, "मालक, आता बसा. ताईंना रडू द्या, नाहीतर उजाडेल." काका बसले. प्रॉम्प्टरनं वही उघडली. ऑर्गनवर सूर लागला, आणि दोन मिनिटांपूर्वी पोट धरून हसणारे लोक खरोखरचे डोळे पुसायला लागले.

मी तिथे बसून एकच विचार करत होतो : हे नाटक आत्ता मोडलं होतं. पूर्ण मोडलं होतं. मग ते परत उभं कुणी केलं?

* * *

हा प्रश्न मला पडायचं कारण पुण्यातलं आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या कामात 'एंगेजमेंट' नावाचा एक आकडा असतो. माणसानं स्क्रीनवर किती वेळा बोट लावलं, किती वेळ थांबला, परत आला का, हे मोजून तो काढतात. त्या हंगामाच्या दोनेक महिने आधी मी एका गॅलरीत एक इंटरॅक्टिव्ह इन्स्टॉलेशन बघायला गेलो होतो. अंधारी खोली, तीन भिंतींवर पक्ष्यांचा थवा. तुम्ही हात हलवला की थवा उडतो, स्थिर राहिलात की तुमच्या सावलीवर येऊन बसतो. सुंदर होतं, हे आधीच कबूल करतो. दारापाशी लावलेल्या माहितीत लिहिलं होतं की प्रेक्षक हा या कलाकृतीचा सहनिर्माता आहे.

मी सहनिर्माता व्हायचा प्रयत्न केला. आडवा झालो. भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. दोन अनोळखी लोकांना म्हटलं, आपण एकमेकांना चिकटून उभे राहू, बघू त्याला एक माणूस वाटतो की तीन. शेवटी कॅमेऱ्यासमोर तळवा धरला, तेव्हा कोपऱ्यातला गार्ड नम्रपणे म्हणाला, "सर, सेन्सरला हात नका लावू." तेव्हा कळलं की मला करता येण्यासारख्या सगळ्या गोष्टी कुणीतरी आधीच लिहून ठेवल्या होत्या. कोडमध्ये आम्ही याला इनपुट तपासणं म्हणतो. युजर काय वाटेल ते टाकेल, पण सिस्टिम पडता कामा नये. चांगल्या सॉफ्टवेअरचा हा गुणच आहे. चांगल्या खेळाचाही तो गुण असतो का?

* * *

ज्यांना झाडीपट्टी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतला झाडांचा, तलावांचा आणि धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. इथे दिवाळीनंतर मंडई भरते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीच्या आसपास संपतो. नाट्यमंडळांची बहुतेक ऑफिसं गडचिरोली जिल्ह्यात वडसा, म्हणजे देसाईगंज, इथे आहेत. गावची कमिटी तिथे जाते, नाटक ठरवते, रक्कम ठरवते. मग गावात तिकिटं विकते. नाटक रात्री दहा-अकराला उघडतं आणि उजाडताना संपतं. फायदा झाला तर गावाच्या कामाला, तोटा झाला तर कमिटीच्या खिशातून.

पूर्वी मंडईइतकाच मोठा निमित्ताचा दिवस शंकरपटाचा असे. दिवसा बैलजोड्यांची शर्यत, रात्री नाटक. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा शर्यतींवर बंदी आणली, २०२१ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्रात त्यांना पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या वर्षांत आमच्याकडे पट नव्हता, नाटक होतं. म्हणजे ज्या खुंटीला ते टांगलं होतं ती खुंटी काढली तरी ते पडलं नाही.

या रंगभूमीच्या मागे दंडार आहे आणि खडी गंमत आहे. दंडारीत गावातलेच लोक रांगांनी नाचतात, आणि नाचाच्या मधेमधे सोंगं येतात. खडी गंमतीत शाहीर, ढोलकी आणि बाईच्या वेशातला नाच्या असतो, आणि सगळं उभ्यानं चालतं म्हणून ती खडी. दोन्हींमध्ये नट आणि प्रेक्षक यांच्यात फार अंतर नसतं, कारण आज सोंग घेणारा उद्या शेजारच्या बांधीत चिखल तुडवत असतो. पुढे यात संगीत नाटकाचा ऑर्गन-तबला आला, रंगवलेले पडदे आले, सिनेमा आला, ऑक्टोपॅड आला. तरी दंडारीतली एक गोष्ट टिकली : स्टेजवरचा माणूस समोरच्याला नावानं ओळखतो, किंवा ओळखत असल्याचं सोंग घेतो. विनोदी नट गावात आला की आधी चहाच्या टपरीवर बसून चार नावं, चार भानगडी गोळा करतो. काकांचं नाव त्याला तिथेच मिळालं होतं.

दक्षिणेकडे, चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकाला आणि सीमेपलीकडच्या आदिलाबादेत, राजगोंडांची दंडारी आणि गुसाडी नाच आहे. दिवाळीच्या दिवसांत मोरपिसांचा भलामोठा टोप घातलेले गुसाडी आपल्या टोळीबरोबर दुसऱ्या गावाला पाहुणे म्हणून जातात. ते गाव त्यांना ठेवून घेतं, जेवू घालतं. गुसाडी यजमानांची थट्टा करतात, घाबरवतात, हसवतात. मार्लवाईचे कनकराजू यांना या नाचासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. मला यात महत्त्वाचा वाटतो तो पाहुणचार. तिथे 'प्रेक्षक' असा वेगळा माणूस नसतोच. एक गाव पाहुणं असतं आणि एक यजमान.

आमच्या नाटकाचंही तेच आहे. नाटकाच्या दिवशी प्रत्येक घरात पावने असतात. आत्याबाई येतात, भासे येतात, भाटवे येतात. आवतन आठ दिवस आधी जातं. लग्नाळू मुलामुलींचे आईबाप एकमेकांना इथेच बघून ठेवतात. स्टेजवर एक नाटक आणि खाली निदान पन्नास. रात्रीत उभं राहणारं आणि सकाळी पत्रे काढून नेले की नाहीसं होणारं एखादं इन्स्टॉलेशन मला दाखवायचं झालं, तर मी त्या बांधीकडे बोट दाखवीन. स्टेज त्याचा एक भाग आहे, एवढंच.

* * *

आता माझी फजिती सांगतो, कारण मला जे काही कळलं ते तिच्यामुळे.

मागच्या हंगामात काकांनी फोन केला. "बाबू, तू कंप्युटरचा आहेस ना? तिकिटाचं कायतरी ऑनलाइन करून दे. वहीत लय गोंधळ होते." मला आनंद झाला. खरं सांगायचं तर सूड घेतल्यासारखं वाटलं. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये मी झाडीपट्टीचं नाव काढत नसे. एकदा एका मुलानं आमच्या नाटकाचं पोस्टर मोबाइलवर शोधून काढलं होतं : रक्ताळलेली सुरी, रडणारी बहीण, खाली नाचणारी मुलगी. वर्षभर माझं टोपणनाव तेच होतं. आता मी या रंगभूमीला आधुनिक करणार होतो.

तीन वीकेंडमध्ये अ‍ॅप तयार झालं. जागांचा नकाशा, खुर्ची वेगळी, जमीन वेगळी, नाव, मोबाइल नंबर, ओटीपी, क्यूआर कोड. प्रयोगाच्या रात्री मी गेटवर फोन घेऊन उभा राहिलो.

पहिल्या होत्या मोठी आई. त्यांनी बारा तिकिटं घेतली होती. अ‍ॅपनं बारा नावं मागितली होती, म्हणून पोरानं स्वतःचंच नाव बारा वेळा टाकलं होतं. मी विचारलं, "मोठी आई, कोण कोण आहे?" त्या म्हणाल्या, "पावने कोन येतीन ते मले आधी का मालूम?" बरोबरच होतं. त्यांनी जागा घेतल्या नव्हत्या, यजमानपण घेतलं होतं. मग ज्यांच्या बांधीत स्टेज उभं होतं ते आले. त्यांना तिकीट नसतं, अ‍ॅपमध्ये असा रकाना नव्हता. ज्यांनी बांबू दिले ते आले. गावाबाहेरून आलेल्यांना रेंज नव्हती, ओटीपी पोचेना. एका मुलीकडच्या मंडळींना कमिटीनं ठरवून एका मुलाकडच्यांच्या तिरकस समोर बसवायचं होतं. तिथे अ‍ॅप लाल अक्षरांत सांगत होतं की ही जागा आरक्षित आहे. आणि सगळ्यात मोठी अडचण : दुसरा अंक सुरू झाला की गेट सैल सोडतात. पत्र्याबाहेर शेकोटीपाशी बसलेले, ज्यांना तिकीट परवडलेलं नसतं, ते तेव्हा आत येतात. कुणी जाहीर करत नाही, कुणी विचारत नाही. माझ्या अ‍ॅपच्या हिशोबात ती सगळी माणसं चोर होती.

साडेदहाला गेटवर धक्काबुक्की व्हायची वेळ आली. बाबांनी पिशवीतून जुनी वही काढली, कानावरचं पेन घेतलं आणि मला म्हणाले, "सरक." वीस मिनिटांत गेट मोकळं झालं.

नंतर मी ती वही नीट वाचली. काकांना जो गोंधळ वाटत होता ती खरं तर या खेळाची नियमावली होती. नावांपुढे खुणा होत्या : याचे बांबू, याचं वावर, याच्या घरी नट जेवणार, याचं मागच्या सालचं बाकी, विचारू नये. एकाच खुर्चीवर दोन नावं होती आणि दोन्ही बरोबर होती, कारण एक जण बारानंतर उठून जनरेटरपाशी जातो. मी 'डबल बुकिंग' हा दोष समजून तो काढून टाकला होता.

* * *

१९३८ साली डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी माणसाच्या खेळकरपणावर 'होमो लुडेन्स' हे पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी रडी खेळणारा आणि डाव मोडणारा यांच्यात फरक केला आहे. रडी खेळणारा नियम चोरून तोडतो, पण खेळ चालू आहे असं मानतो. डाव मोडणारा खेळाचं जगच नाकारतो, म्हणून लोकांना रडीपेक्षा त्याचा राग जास्त येतो. हे पटतं. पण काकांना कुठे बसवायचं? त्यांनी डाव मोडला, आणि कुणाला राग आला नाही. कारण तो परत मांडायचा हेही त्यांना माहीत होतं, नटाला माहीत होतं, प्रॉम्प्टरला तर इतकं माहीत होतं की त्यानं खर्रा काढला.

मला वाटतं सहभागाची खरी परीक्षा इथे आहे. तुमच्याशिवाय हे काम होत नाही, एवढं पुरेसं नाही. पक्ष्यांचा थवाही माझ्याशिवाय उडत नव्हता. हे काम बिघडवणं तुमच्या हातात आहे का, हे विचारायला हवं. ते हातात असेल तर न बिघडवण्याला काही अर्थ येतो. मग तुम्ही ते सांभाळता. नुसतं वापरत नाही.

ही फूटपट्टी गॅलरीतल्या कामांना लावून बघू या, नाहीतर गावाकडचं सगळं खरं आणि शहरातलं सगळं खोटं, असा सोपा निष्कर्ष निघेल. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांची 'शॅडो' नावाची इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ मालिका आहे. तिच्यातल्या २००७ च्या कामात तुमची सावली पडद्यावर पडते, आणि वरून एक दोरी सरकत येऊन तुमच्या सावलीला चिकटते. तिच्यावरून वस्तू घरंगळत येतात आणि सावलीला लटकत राहतात. तुम्ही हला, पळा, त्या सुटत नाहीत. इथेही प्रेक्षकाला काहीच बिघडवता येत नाही. पण इथे ती असहायता हाच विषय आहे. तुम्हाला सहनिर्माता म्हणून गोंजारलं जात नाही, ओझं दिलं जातं. मला आवडलेल्या त्या थव्यापेक्षा हे काम जास्त प्रामाणिक आहे.

त्यांचंच 'थ्रेट' बघा. अंगाच्या साबणाच्या वड्या विटांसारख्या रचून केलेली भिंत. प्रत्येक वडीवर इंग्रजीत 'थ्रेट', म्हणजे 'धोका', हा शब्द कोरलेला. बघायला आलेल्यानं एक वडी घरी न्यायची. लोक नेत जातात तशी भिंत कमी होत जाते, आणि घरी अंघोळ करता करता तो शब्द झिजतो. इथे सेन्सर नाही, कोड नाही. तरी हे काम मोडायला दिलेलं आहे. कुणी दहा वड्या उचलू शकतो, कुणी एकही न घेता जाऊ शकतो. आमच्या मोठी आईला हे काम लगेच कळेल. त्या म्हणतील, नेलेला साबण वापरायचा की ठेवून द्यायचा?

तिसरं उदाहरण आमच्या जंगलाच्याच पलीकडचं आहे. गडचिरोलीच्या पूर्वेला सीमा ओलांडली की नारायणपूर आणि त्याच्या पलीकडे कोंडागाव. मुंबईत काम करणाऱ्या नवजोत अल्ताफ १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या राजकुमार कोर्राम, शांतीबाई, गेसूराम विश्वकर्मा या कलाकारांबरोबर काम करत आल्या आहेत. त्यांनी मिळून गावांतल्या हातपंपांभोवती 'नलपार' नावाच्या जागा बांधल्या. बायका पाणी कशा भरतात, हंडा कुठे टेकवतात, डोक्यावर कसा घेतात हे बघून त्यात मधल्या उंचीवर हंडा टेकवायची सोय केली. शिल्पही आणि पाणवठाही. मुलांनी एकत्र येऊन खेळावं, काही करावं म्हणून 'पिल्ला गुडी', म्हणजे मुलांची देवळं, बांधली. नलपारपाशी येणारी बाई कलाकृती बघायला येत नाही. तिला ती अडचणीची वाटली तर ती दुसऱ्या पंपावर जाईल, आणि कलाकृती तिथेच संपेल. यापेक्षा कडक समीक्षक गॅलरीला मिळणार नाही. माझ्या अ‍ॅपला तो मिळाला. मोठी आई नावाचा.

* * *

इथे लेख संपवता आला असता. पण त्या रात्री पुढे जे झालं ते न सांगणं ही रडी ठरेल.

काकांच्या गमतीनंतर तासाभरानं एक नाच आला. हल्ली प्रत्येक नाटकात असे दोन-तीन नाच असतात, कथेशी त्यांचा संबंध असतोच असं नाही. नाचणारी मुलगी बाहेरगावची होती. पोरांचा एक घोळका स्टेजच्या बाजूला सरकला. मोबाइलचे लाइट लागले. खालून व्हिडिओ काढणं सुरू झालं. कुणीतरी तिला उद्देशून काहीतरी घाण बोललं, आणि हशा झाला. तोच हशा, जो काकांच्या वेळी झाला होता. निदान कानाला तरी तसाच. ती हसत राहिली. हसत मागे सरकली, पडद्यापर्यंत. गाणं संपेपर्यंत तिथेच नाचली.

डाव मोडायची मुभा त्या पोरांना होती आणि त्यांनी ती वापरली. तिला ती नव्हती. ती थांबली असती तर तिचे पैसे कापले गेले असते, कदाचित पुढच्या रात्रीचं कामही गेलं असतं. तिला आमच्या गावात कुणी नावानं ओळखत नव्हतं. तिच्या नावानं वहीत खूण नव्हती. इतका हजरजबाबी माणूस, माझा काका, खाली बघत बसला होता. मीही बसून होतो. माझ्या हातात फोन होता. मी व्हिडिओ काढत नव्हतो, पण लाइट बंद करा असं ओरडलोही नाही.

झाडीपट्टीविषयी आता बरं बोललं जातं. २०२२ मध्ये तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' हा सिनेमा आला. २०२३ मध्ये गडचिरोलीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, आणि आमच्या गावात पेढे वाटले गेले. हे व्हायलाच हवं होतं. पण कौतुकाचं एक संकट असतं. हॉस्टेलमध्ये आम्हाला हसणारे आता 'लोककला' म्हणून माना डोलावतात, आणि दोन्हींमध्ये नाटक बघायचं राहून जातं. बघितलं तर दिसेल की संहिता पुष्कळदा तीच ती असते : दारुडा बाप, त्याग करणारी बहीण, शेवटच्या अंकात पश्चात्ताप. विनोद बरेचदा बाईच्या अंगावरून जातात. नट रोज रात्री वेगळं नाटक करतात, तालमीला वेळ नसतो, प्रॉम्प्टरच्या आवाजावर अख्खी रात्र निघते. म्हणूनच त्यांची हजरजबाबी इतकी धारदार आहे, आणि म्हणूनच संहिता इतकी सैल. मी या रंगभूमीची बाजू घेतो ती तिच्या संहितांसाठी नाही. हजार माणसं एक नाजूक गोष्ट रात्रभर पडू न देता धरून ठेवतात, त्यासाठी घेतो. मग त्या हजारांत स्टेजवरची मुलगी धरली होती का, हे विचारावंच लागतं. त्या गाण्यापुरती धरली नव्हती. तेवढा वेळ तिच्या दृष्टीनं आमची बांधी आणि सेन्सरवाली खोली यांत फरक नव्हता. दोन्हीकडे ठरवून दिलेलं तेवढंच करायचं.

* * *

यंदा कमिटीची बैठक समाजमंदिरात झाली. मी पुण्याहून फोनवर होतो, रेंज जात-येत होती. अ‍ॅपचा विषय निघाला नाही, ते काकांचे उपकार. मी एवढंच म्हटलं की नाचाच्या वेळी स्टेजच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही, आणि नाचणाऱ्या बाईनं हात वर केला की पडदा पाडायचा, पैसे न कापता. एक जण म्हणाला, मग पोरं येनारच नाही, तिकीट कोन घेईल? दुसरा म्हणाला, कंपनीवाले ऐकतीन का? काका गप्प होते. मग मोठी आईचा आवाज आला. त्या कमिटीत नाहीत, चहा घेऊन आल्या होत्या.

"तुमी त्या दिवशी उभे रायले होते का नाही, नाटक थांबवून? कोनं पैसे कापले तुमचे?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मला वाटलं रेंज गेली. मग बाबांचा आवाज आला, काय लिहू म्हणून विचारणारा. काका म्हणाले, "लिव. पेन्सिलनं लिव."

हंगाम भाऊबीजेनंतर सुरू होतो. मी सुट्टी टाकली आहे. वहीत माझ्या नावापुढे यंदा खूण आहे, बाबांनी फोटो पाठवला होता : पडद्याची दोरी.